अठरा हजारांची बॅच घ्यावी, की बारा हजारांची शिष्यवृत्ती?

पत्र

नमस्कार. आम्ही सांगोला तालुक्यात राहतो. मालक दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा गावच्या अनुदानित हायस्कूलमध्ये यंदा सातवीत गेला. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे.

मुलानं गेल्या वर्षी चार-पाच ऑलिम्पियाड परीक्षा दिल्या. प्रत्येकीला दीडशे-दोनशे रुपये भरले. प्रमाणपत्रं सगळ्यांची आली, पदक एकाही परीक्षेत मिळालं नाही. शेवटच्या निकालाला तो खूप रडला, म्हणाला, "मला जमतच नाही." आता तालुक्याच्या गावी एक क्लास आहे. ते म्हणतात, एनटीएसई फाउंडेशनची बॅच घ्या, वर्षाचे १८,००० रुपये. त्यांचीच इंग्रजी माध्यमाची शाळाही आहे. आठवीला तिकडे घातलं तर फीमध्ये सवलत देतील. मालक म्हणतात, कर्ज काढू पण मुलाला मागे ठेवायचं नाही. मुलगा सत्तर टक्क्यांच्या पुढे-मागे असतो. घरी मात्र पंप, पंखा, सायकल उघडून बसतो. कुठली परीक्षा खरी आणि कुठली नुसती पैशाची, हे आम्हाला कोण सांगणार?

— एक आई

उत्तर

ताई,

आधी तातडीचं सांगते. ते १८,००० रुपये भरू नका आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

एनटीएसई, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून बंद आहे. शालेय अभ्यासक्रम ठरवणारी केंद्राची संस्था एनसीईआरटी ती घेत असे आणि तिचा एकेकाळी मोठा दबदबा होता. दहावीतली मुलं तिला बसत, निवडलेल्यांना पुढच्या शिक्षणात कितीतरी वर्षं शिष्यवृत्ती मिळे. मात्र केंद्र सरकारची मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतच होती आणि त्यानंतर नव्यानं परीक्षा जाहीर झालेली नाही. तिच्या नावाच्या बॅचा मात्र अजून चालू आहेत. क्लासच्या सरांना शांतपणे एकच प्रश्न विचारा: "सर, ही परीक्षा शेवटची कोणत्या वर्षी झाली?" काय उत्तर येतं ते मालकांनाही ऐकू द्या, म्हणून जाताना त्यांना सोबत घेऊन जा.

शाळा बदलण्याचा विचार मला बॅचपेक्षाही जास्त काळजीचा वाटतो. तुमच्या मुलाच्या हातात आज एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कुणी सांगितलेलीच दिसत नाही. तो अनुदानित शाळेत शिकतो, म्हणून पुढच्या वर्षी आठवीत तो एनएमएमएस परीक्षेला बसू शकतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असलेली ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती योजना २००८ पासून चालू आहे. आपल्याकडे तिची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी, चार वर्षं, दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. पण ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेतलं मूल कितीही हुशार आणि कितीही गरीब असलं तरी अपात्र ठरतं. म्हणजे फीमध्ये 'सवलत' घेऊन तुम्ही त्याला तिकडे घातलंत, तर त्याच दिवशी ही वाट बंद झाली. पुढे अकरावीलाही हेच ध्यानात ठेवा आणि अनुदानित तुकडीतच प्रवेश घ्या.

तुमचा मुलगा यात बसतो का? तुम्ही लिहिलंय त्यावरून बसतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. सातवीला किमान ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के. म्हणून त्याचं हे सातवीचं वर्ष महत्त्वाचं. सातवीचा निकाल कोण विचारतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इथे तो विचारला जातो. तो सत्तरच्या आसपास आहे, तेवढा राहिला तरी पुरे.

परीक्षेत दोन पेपर असतात. एक बौद्धिक क्षमता चाचणी आणि दुसरा शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकात ९० प्रश्न, ९० गुण आणि ९० मिनिटं. दुसऱ्या पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांचं. तो सगळा सातवी-आठवीच्या पुस्तकांवरचा असतो आणि ती पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिला पेपर शाळेत वेगळा शिकवत नाहीत, तिथेच मुलं अडखळतात: संख्यामाला, आकृत्यांमधला वेगळा घटक, आरशातली प्रतिमा, घड्याळ, सांकेतिक भाषा. जो मुलगा पंप उघडून कुठला भाग कुठे बसतो ते ओळखतो, त्याला आकृत्यांचे प्रश्न जड जाणार नाहीत असं मला मनापासून वाटतं. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका असतात. सेवा केंद्रातून छापून घ्या. क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त. रोज पाऊण तास, समोर घड्याळ ठेवून. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायची सवय त्याला आत्तापासून लागू द्या. उत्तरपत्रिकेतले गोल पेनाने रंगवायचा सरावही घरीच करून घ्या. परीक्षा हॉलमध्ये गोल खालीवर होऊन चांगल्या चांगल्या मुलांचं नुकसान होतं.

महाराष्ट्राच्या वाट्याला या योजनेत ११,६८२ शिष्यवृत्त्या आहेत आणि परीक्षेला मुलं लाखांनी बसतात. म्हणजे यादीत नाव आलं नाही तरी त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. तुम्ही मराठा किंवा कुणबी असाल तर आणखी एक दार आहे. एनएमएमएस उत्तीर्ण होऊनही जे विद्यार्थी निवड यादीत येत नाहीत, त्यांना राज्य सरकारची सारथी संस्था छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती देते, वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो. यादीत नाव नाही म्हणून निकाल बाजूला ठेवून देऊ नका.

आता जे सांगते आहे ते मालकांनाही वाचून दाखवा. या शिष्यवृत्तीत मुलं परीक्षेत हरतात त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. परीक्षा जिंकून कागदात हरतात, ते फार लागतं. यादीत नाव येतं, शाळेत सत्कार होतो, पेढे वाटले जातात, आणि घरच्यांना वाटतं आता पैसे आपोआप येतील. ते आपोआप येत नाहीत. मूल नववीत गेलं की केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज भरावा लागतो. तो आधी शाळा तपासते, मग जिल्हा पातळीवर तपासला जातो, आणि दोन्हीकडे मुदत असते. नववीचा हा पहिला अर्ज राहिला तर नुसतं एक वर्ष जात नाही, चारही वर्षं हातची जातात. दहावी, अकरावी आणि बारावीला दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावं लागतं आणि दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५.

अर्ज बहुतेक वेळा नावामुळे अडकतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. कुठे जन्मतारीख १ जून. ही दुरुस्ती अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, म्हणून दोन्ही मुलांची आधार कार्डं आत्ताच शाळेच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मुलाचं बँक खातं त्याच्या एकट्याच्या नावाचं असावं, आधारशी जोडलेलं असावं आणि चालू असावं. पाचवी-सहावीत कुठल्यातरी योजनेसाठी उघडलेलं आणि नंतर हात न लावलेलं खातं निष्क्रिय होऊन पडतं आणि पैसे परत जातात. सहा महिन्यांनी शंभर रुपये भरा-काढा, म्हणजे ते जिवंत राहील. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही पाहा. तो नंबर बंद पडलेल्या सिमचा असेल तर ओटीपी कुणालाच मिळणार नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रातून वेळेत काढून ठेवा. हे काम मालकांकडे द्या. मुलाला मागे ठेवायचं नाही ही त्यांची तळमळ खरी आहे. ती कर्जात घालवण्यापेक्षा या दाखल्यांत लागली तर मुलाच्या जास्त कामी येईल.

यंदाचं वर्ष मोकळं नाही. दोघांचीही शिष्यवृत्ती परीक्षा याच वर्षी आहे. आपण ज्याला नुसतं 'स्कॉलरशिप' म्हणतो ती. तुमच्या-माझ्या वेळी ती चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा चौथी-सातवीला आली आहे. त्यामुळे गावात कुणी "स्कॉलरशिप पाचवीला असते, अजून वेळ आहे" असं म्हटलं तर ऐकू नका. शुल्क शे-दोनशेच्या घरातलं असतं. शिष्यवृत्ती मिळाली तर चौथीला वर्षाला ५,००० आणि सातवीला ७,५०० रुपये. पूर्वी ही रक्कम फारच थोडी असायची, म्हणून कितीतरी पालक तिच्याकडे अजून 'नावापुरती' म्हणून बघतात. ती २०२३ मध्ये वाढली. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. आठवीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असायचे आणि दोन्ही गोल रंगवले नाहीत तर गुण मिळत नसत. मुलाच्या सरांना विचारून सातवीच्या सूचना नीट समजून घ्या.

आणि पैसे मिळाले नाहीत तरी या परीक्षेची तयारी वाया जात नाही. बुद्धिमत्तेचा जो भाग तो यंदा करेल, तोच पुढच्या वर्षी एनएमएमएसला उपयोगी पडेल. म्हणजे दोन वर्षांत त्याला खरी तयारी एकच करायची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी याच परीक्षेत नाव कमावलं आहे. तिथले गुरुजी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर जादा तास घेतात, सुट्टीतही मुलांना बोलावतात. त्या गावांतही बहुतेक आई-बाप शेतीवर आणि मजुरीवरच जगतात.

ऑलिम्पियाडचं सांगते. ऑलिम्पियाड हे नाव कुणीही वापरू शकतं. शाळेत फॉर्म येतात त्या बहुतेक परीक्षा खाजगी कंपन्यांच्या असतात. त्यांची प्रमाणपत्रं पुढे कुठल्याही प्रवेशाला, कुठल्याही सरकारी शिष्यवृत्तीला लागत नाहीत. एखादी हौसेनं दिली तर बिघडत नाही, पण पाच परीक्षांचे हजार रुपये तुमच्या घरात लहान रक्कम नाही. मुख्याध्यापकांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: ही परीक्षा ऐच्छिक आहे का, आणि नोंदणीमागे शाळेला काही मिळतं का? देशाचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला ज्या वाटेनं जातो, ती मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची. गणितासाठी आयओक्यूएम नावाची परीक्षा आणि विज्ञानासाठी कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा हे त्याचे पहिले टप्पे. फार अवघड असतात. नववीत त्याला गणिताचं वेड लागलंच, तर तेव्हा बघू. याच नावाशी मिळतीजुळती एक चांगली स्पर्धा आहे, ती म्हणजे बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. ती सहावी आणि नववीला असते, लेखीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो, मराठीतून देता येते. यंदा ती त्याच्या इयत्तेला नाही.

त्याच्या इयत्तेला आहे ती दुसरी गोष्ट, आणि तुमच्या पत्रात पंप-पंख्याचं वाचल्यावर मला तीच आधी आठवली. इन्स्पायर अवॉर्ड मानक. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग ती चालवतो. सहावीपासूनच्या मुलांनी एखादी स्वतःची कल्पना मांडायची, शाळेनं ती पोर्टलवर पाठवायची. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. फी नाही, पेपर नाही. कल्पना निवडली गेली तर तिची प्रतिकृती बनवायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असं प्रदर्शन. कितीतरी शाळा कल्पना पाठवतच नाहीत. काही शाळा पाठवतात, पण शिक्षकच इंटरनेटवरून काहीतरी उतरवून देतात. तसं होऊ देऊ नका. मुलाला बागेत घेऊन जा. बाबांच्या पाठीवरच्या फवारणी पंपानं खांदा कुठे दुखतो, औषध अंगावर कुठे उडतं, फळाला कागद बांधताना हात किती वेळा वर जातो, ते त्याला बघू दे आणि विचारू दे. त्यातून एखादी छोटी सुधारणा सुचली तर ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, चुकांसकट. निवड होईल की नाही, सांगता येत नाही. पण जे काम तो आपणहून करतो, त्याला शाळेत पहिल्यांदाच मान मिळेल.

त्याच्या रडण्याविषयी. बारा वर्षांच्या मुलाला आपण वर्षात पाच वेळा सांगितलं, "तुला पदक मिळालं नाही." त्यानं 'मला जमत नाही' असा अर्थ काढला यात त्याचं काय चुकलं? यंदा त्याला दोनच गोष्टी द्या, स्कॉलरशिप आणि इन्स्पायर. निकालाआधीच सांगून ठेवा की नाव आलं नाही तरी पुढच्या वर्षी एनएमएमएस आहे आणि अभ्यास तोच आहे. निकाल लागला की गुणपत्रिका घेऊन त्याच्याबरोबर बसा आणि कुठल्या विषयात किती मिळाले ते बघा. मुलाला एवढंच जरी दिसलं की बुद्धिमत्तेत आपण बरे आहोत आणि इंग्रजीत मागे, तरी त्याचं रडणं कमी होतं, कारण आता काय करायचं ते त्याला कळलेलं असतं. आणि शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यासमोर काढू नका.

मुलीचं पुढच्या वर्षी नवोदयचंही बघता येईल. तुमच्या सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळतो, बारावीपर्यंत राहणं-खाणं-शिक्षण तिथेच. पाऊण जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना राखीव असतात. परीक्षेला एकदाच बसता येतं. मात्र अकरा वर्षांची मुलगी घरापासून दूर ठेवायची का, हे मी सांगू शकत नाही; ते तुम्ही, मालक आणि मुख्य म्हणजे ती, मिळून ठरवा. तिला एकदा पोखरापूरची शाळा दाखवून आणा आणि मग विचारा. नवोदयच्या मुलांना एनएमएमएस लागू नाही, तेवढं हिशेबात धरा.

व्हॉट्सॲपवर अमुक हजारांच्या शिष्यवृत्तीची लिंक आली तर उघडू नका आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. कुठलीही खरी शिष्यवृत्ती देण्याआधी 'प्रोसेसिंग फी' मागत नाही.

आणि या आठवड्यात हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटा. एकट्या जाऊ नका, सातवी-आठवीच्या आणखी तीन-चार आया सोबत घ्या. एकटीला "बघू" म्हणतात, पाच जणी समोर असल्या की वही काढतात. विचारा: आपल्या शाळेतून गेल्या वर्षी एनएमएमएसला किती मुलं बसवली? यंदा त्याची जबाबदारी कोणत्या सरांकडे आहे? स्कॉलरशिपचे फॉर्म कधी भरणार? इन्स्पायरला पाच कल्पना पाठवणार का? आणि जादा तासासाठी संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवता येईल का? शिकवायला कुणी नसेल तर कॉलेजला जाणारी गावातली एखादी मुलगी तुम्ही स्वतः शोधा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायला तेवढं पुरतं, आणि पाच घरांनी मिळून तिला महिन्याला जे द्याल ते बॅचच्या फीपुढे फारच थोडं असेल.